शुक्रावरचं ‘जोशी’ विवर

शुक्र संध्याकाळी दिसत असतो त्या महिन्यांत आमच्या ठाण्याच्या गच्चीवरून तो बरोबर येऊरच्या डोंगरावर उतरताना दिसतो. दिवेलागणीला वाळत घातलेले कपडे काढायला गेलं की हमखास नजर जाते. एकदा शेजारचा सातवीतला मुलगा सोबत होता. म्हणाला, “काकू, हे विमान हलत का नाहीये?” मी त्याला सांगितलं, की ते विमान नाही, शुक्र आहे, आणि त्याच्यावर एक भलामोठा खड्डा आहे, त्याला आपल्या कल्याणच्या एका बाईंचं नाव दिलंय. त्याचा विश्वास बसेना. “कल्याणच्या? म्हणजे आपल्या लोकलवाल्या कल्याणच्या?”

हो, त्याच. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. खड्ड्याचं अधिकृत नाव ‘जोशी’, आणि त्याचा व्यास ३४.३ किलोमीटर. हा आकडा ठाणेकराच्या लगेच ध्यानात येतो, कारण १६ एप्रिल १८५३ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तो लोहमार्ग जवळपास तेवढाच, ३४ किलोमीटरचा. बोरीबंदरला एका काठावर उभं राहिलात तर रुळांच्या हिशेबाने पलीकडचा काठ ठाणे स्टेशनात येईल, एवढा मोठा खड्डा.

त्या मुलाने मग दोन प्रश्न विचारले. एवढा खड्डा पडतो कसा? आणि नाव कोण ठेवतं? दोन्हींची उत्तरं मला त्या गच्चीवर उभ्या उभ्या देता आली नाहीत, म्हणून हा लेख.

आधी शब्दाबद्दल. असा खड्डा, म्हणजे अवकाशातून येऊन आदळलेल्या दगडाने पाडलेला, त्याला मराठीत विवर म्हणतात. कृष्णविवराशी त्याचा काही संबंध नाही. ज्वालामुखीच्या तोंडालाही विवर म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे नेमकं बोलायचं तर आघात-विवर म्हणावं. इंग्रजीतला ‘क्रेटर’ हा शब्द ग्रीकांच्या एका भांड्यावरून आलाय. द्राक्षाची दारू आणि पाणी मिसळायचं ते मोठं पसरट तोंडाचं भांडं. आपल्याकडे असतं तर आपण त्याला परातीची बहीण म्हटलं असतं.

आणि परातच घेतली आम्ही. पुढच्या रविवारी सोसायटीतली पाच-सहा मुलं गच्चीवर जमवली. जाळ्या धरलेलं दोन किलो गव्हाचं पीठ घरात पडून होतं, ते परातीत सपाट पसरलं, वरून चाळणीने गुलालाचा पातळ थर दिला. मग खुर्चीवर चढून एकेकाने गोटी सोडायची. पहिली गोटी पडली आणि मुलं एकदम गप्प झाली. लाल पृष्ठभागावर गोल खड्डा, त्याला उचललेला काठ, आणि काठाबाहेर चारी दिशांना पांढऱ्या पिठाच्या रेघा. खालचं पीठ वर येऊन गुलालावर पसरलं होतं. चंद्राच्या फोटोत काही विवरांभोवती पांढरे पट्टे दिसतात, ते हेच: आतून उसळून बाहेर पडलेलं द्रव्य.

एका मुलीने गोटी वरून न सोडता तिरकी भिरकावली. खड्डा गोल झाला नाही, लांबट चर पडला. ती म्हणाली, “मग चंद्रावरचे सगळे गोल कसे? सगळे दगड सरळ वरूनच पडले?” हा प्रश्न फार मोलाचा आहे. शेदीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांना हीच अडचण वाटत होती, आणि खड्डे एवढे गोल आहेत म्हणजे ते ज्वालामुखीच असणार, असं पुष्कळांचं मत होतं.

उत्तर वेगात आहे. आमची गोटी फार तर सेकंदाला सहा-सात मीटरने पडली. अवकाशातला दगड ग्रहावर येतो तो सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरने, कधी त्याहूनही जोरात. वीस किलोमीटर धरा. म्हणजे ठाण्याहून सीएसएमटीला दोन सेकंदांच्या आत. अशा वेगाच्या एक किलो दगडात साधारण २० कोटी जूल ऊर्जा असते. एक किलो टीएनटी या स्फोटकात असते बेचाळीस लाख जूल. म्हणजे त्या दगडात काही ज्वालाग्राही नसूनही तो आपल्या वजनाच्या जवळपास पन्नास पट स्फोटकाइतका आहे. जमिनीला टेकल्यावर तो थांबतो, आणि थांबला की ही सगळी ऊर्जा क्षणात मोकळी होते. दगड चिरडतो, वितळतो, त्याची वाफ होते. खड्डा दगडाच्या रेट्याने पडतच नाही, त्या स्फोटाने पडतो. दिवाळीत मातीत पुरलेला सुतळी बॉम्ब आठवा. तो आडवा पुरा, उभा पुरा, खड्डा गोलच पडतो. आमच्या परातीत स्फोट नव्हता, म्हणून तिरकी गोटी चर पाडून गेली. खऱ्या आघातात दगड जवळजवळ जमिनीला समांतर, दहा-पंधरा अंशांच्या आत आला, तरच विवर लांबट होतं.

म्हणून विवर दगडापेक्षा कितीतरी मोठं असतं, ढोबळ मानाने दहा ते वीस पट. जोशी विवर पाडणारा दगड त्या हिशेबाने दोन-तीन किलोमीटरचा असावा.

आता आत काय होतं ते पाहू, कारण परातीत ते दिसत नाही. दगड टेकतो त्या क्षणी दाबाची एक लाट खाली आणि बाजूंना धावत जाते. त्या लाटेमागे खडक बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, आणि काही सेकंद ते मिनिटभरात वाडग्यासारखा खोल खड्डा तयार होतो. आघात लहान असेल तर गोष्ट तिथेच संपते. मोठा असेल तर एवढा खोल खड्डा स्वतःच्या वजनाने तग धरत नाही. कडा पायऱ्यापायऱ्यांनी आत घसरतात, आणि तळ मधोमध वर उसळून येतो. पाण्यात थेंब पडल्यावर मध्ये एक खांब उठतो तसा. फरक एवढाच, की इथे तो उठलेला खडक तसाच राहतो आणि विवराच्या मधोमध डोंगर उभा राहतो. पृथ्वीवर दोन ते चार किलोमीटरच्या पुढे असं व्हायला लागतं. चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे तिथे पंधरा-वीस किलोमीटरपर्यंतची विवरं साध्या वाडग्यासारखीच राहतात. चौतीस किलोमीटरचं विवर शुक्रावर असेल तर ते साधं वाडगं नसतं.

साधं वाडगं बघायचं तर आपल्याला लांब जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. मी गेले होते तेव्हा सरोवराकडे बघायच्या आधी काठावरचा दगड बघितला. आपल्या पारसिकच्या डोंगरात असतो तोच काळा बेसाल्ट, दख्खनच्या लाव्हाचा. पण पारसिकला त्याचे थर आडवे, एकावर एक. लोणारच्या काठावर ते थर बाहेरच्या बाजूला उचललेले, काही ठिकाणी तर पुस्तकाचं पान उलटावं तसे उलटलेले. हात लावून बघता येतं. ते बघितल्यावर स्फोटाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

तरीही १८२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने नोंद केल्यापासून लोणार ज्वालामुखीचं की आघाताचं हा वाद दीडशे वर्षं चालला. १९७०च्या दशकात तळाला बोअर घेऊन नमुने तपासले तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. ही एक प्रकारची काच. बेसाल्टमधल्या स्फटिकाला प्रचंड दाबाचा झटका बसला की तो न वितळता आपली आतली रचना हरवून बसतो आणि काचेसारखा होतो. ज्वालामुखीत एवढा दाब कधीच नसतो. हीच काच पहिल्यांदा ओळखली गेली ती बिहारात शेरघाटीला पडलेल्या एका अशनीत, आणि तो दगड मंगळावरून उडून आलेला होता. तोही पडला १८६५ साली, आनंदीबाई जन्मल्या त्याच वर्षी. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही. लोणारचं वय मात्र अजून पक्कं ठरलेलं नाही. एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने पाच लाख सत्तर हजार.

आता शुक्राकडे परत येऊ. लोणार पाडणारा दगड शुक्रावर गेला असता तर तिथे बहुधा विवर झालंच नसतं. शुक्राच्या जमिनीवर हवेचा दाब आपल्या नव्वद पटींहून जास्त, म्हणजे समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. लहान दगड त्या हवेतच चिरडून संपतात. म्हणून शुक्रावर दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान विवर सापडतच नाही. कधी कधी दगड हवेतच फुटला, पण त्याच्या धक्क्याने खालची जमीन पिठासारखी झाली, असे काळसर डाग मात्र दिसतात. मोठा दगड खाली पोचला तरी उसळलेलं द्रव्य त्या दाट हवेत लांब जाऊ शकत नाही, विवराच्या काठाशीच फुलाच्या पाकळ्यांसारखं बसतं. आणि उंच उडालेली बारीक धूळ वाऱ्याबरोबर पश्चिमेला वाहत जाते. तिथे वरचे वारे सतत पश्चिमेकडेच वाहतात, म्हणून काही विवरांभोवती पश्चिमेकडे तोंड उघडलेला धनुष्यासारखा काळा पट्टा उमटलेला आहे.

हे सगळं डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. शुक्र कायम ढगांनी झाकलेला, येऊरवर आपल्याला चमकताना दिसतात ते त्याचे ढगच. खाली बघायला रडार लागतं. मॅगेलन हे यान १९९० साली शुक्राभोवती फिरायला लागलं आणि चार वर्षांत त्याने ९८ टक्के पृष्ठभाग रडारने टिपला. त्या चित्रांत उजळ म्हणजे प्रकाशाने उजळ नव्हे, खडबडीत. काळं म्हणजे गुळगुळीत. मॅगेलनला साधारण हजारेक विवरं सापडली. चंद्राच्या मानाने ही संख्या फारच थोडी. आणि ती सगळ्या ग्रहावर सारखी विखुरलेली, बहुतेक ताजी टवटवीत, फारशी झिजलेली किंवा लाव्हाने बुजलेली नाहीत. विवरांची संख्या म्हणजे एक प्रकारचं घड्याळ: जमीन जितकी जुनी तितके मार जास्त. त्यावरून शुक्राची आजची जमीन सरासरी पन्नासेक कोटी वर्षांची असावी असा अंदाज निघतो. ग्रह साडेचार अब्ज वर्षांचा, मग आधीची जमीन कुठे गेली? एकदाच सगळीकडे लाव्हा येऊन ती गाडली गेली, की हळूहळू तुकड्यातुकड्याने, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. एकेक विवर मोजून, त्याचं नाव घेऊन हा वाद चाललेला असतो.

इथे नावाचा प्रश्न येतो. अक्षांश-रेखांश असताना नाव कशाला? नवी मुंबईत राहणाऱ्याला हे चांगलं कळेल. सिडकोने सगळं शहर सेक्टरच्या आकड्यांत आखलं, पण नुसतं ‘सेक्टर दहा’ म्हटलं तर रिक्षावाला विचारणारच, कुठलं? वाशी, सानपाडा, नेरूळ, जुनी गावांची नावं लागतातच. ठाण्यात तीन हात नाका म्हटलं की कुणाला नकाशा लागत नाही. ग्रहावरही तसंच. दहा देशांतले लोक एकाच खड्ड्याबद्दल बोलत आहेत याची खात्री हवी, त्यासाठी सगळ्यांनी मान्य केलेलं एकच नाव लागतं. पण तिथे प्रत्येक खड्ड्याला नाव देत नाहीत. एखाद्या शास्त्रज्ञाला आपल्या अभ्यासात त्या जागेचा उल्लेख करायची गरज पडली की तो प्रस्ताव पाठवतो.

हा प्रस्ताव जातो आंतरराष्ट्रीय खगोल संघाकडे. ही संस्था १९१९ साली स्थापन झाली, आणि ग्रहांवरच्या नावांसाठी तिची एक वेगळी समिती आहे. नावाचे नियम मला फार आवडतात. व्यक्तीचं नाव द्यायचं तर ती जाऊन किमान तीन वर्षं झालेली असावी. एकोणिसाव्या शतकापासून पुढच्या राजकीय नेत्याचं नाव नाही. लष्करी किंवा धार्मिक अर्थाचं नाव नाही. नाव साधं, सहज उच्चारता येईल असं असावं आणि जगातल्या निरनिराळ्या भाषा-संस्कृतींना जागा मिळावी. पैसे भरून नाव देता येत नाही. तुमच्या नावाचा तारा देतो म्हणणारी प्रमाणपत्रं विकत मिळतात, त्यांना खगोल संघ मानत नाही. तेव्हा वाढदिवसाला असं काही घेण्यापेक्षा मुलांना साधी दुर्बीण घ्या.

प्रत्येक ग्रहाला एक विषय ठरवून दिलेला आहे. बुधावरची विवरं कलावंतांची: कालिदास, वाल्मीकी, तानसेन, आणि वर्मा नावाचं एक विवर आहे ते राजा रविवर्म्याचं. मंगळावर मोठी विवरं मंगळाचा अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञांची, आणि लहान विवरांना जगातल्या लहान गावांची नावं, लोकसंख्या लाखाच्या आत असलेल्या. म्हणून मंगळाच्या उत्तरेकडे ‘लोणार’ आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी लाव्हाने बुजलेलं एक पासष्ट किलोमीटरचं विवर शोधलं, त्याला २०२४ साली त्याच संस्थेचे माजी संचालक देवेंद्र लाल यांचं नाव मिळालं. त्याच्या काठावरच्या दोन लहान विवरांना उत्तर प्रदेशातलं मुरसान आणि बिहारमधलं हिलसा. ठाण्याचं नाव मात्र मिळणार नाही, आपण लाखाच्या हिशेबात कधीच बसत नाही. मुरबाडला संधी आहे. गावाची नावं देण्यात त्या गावाचा गौरव करायचा हेतू नसतो, असं नियमांत स्पष्ट म्हटलंय. नावं भरपूर लागतात आणि गावं भरपूर आहेत, एवढंच. तरी गावच्या माणसाला आनंद होतोच, आणि व्हावा.

शुक्र मात्र स्त्रियांचा. पठारांना देवींची नावं, त्यातलं एक प्रचंड पठार आपल्या लक्ष्मीचं. वीस किलोमीटरपेक्षा लहान विवरांना जगभरच्या मुलींची साधी पहिली नावं. त्याहून मोठ्यांना कर्तबगार स्त्रियांची. सबंध ग्रहावर पुरुषाचं नाव एकच, मॅक्सवेल, तिथल्या सगळ्यात उंच डोंगराचं. ते हा नियम होण्याआधी दिलेलं होतं आणि मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांताशिवाय रडारच झालं नसतं, म्हणून राहू दिलं.

जोशी विवर या नियमाने आलं. यादीत शोधायचं असेल तर एक लक्षात ठेवा, इंग्रजीत शेवटी ‘आय’ नाही, दोन ‘ई’ आहेत. आनंदीबाई अमेरिकेत आपलं आडनाव तसंच लिहीत. कल्याणला माहेरी त्यांचं नाव यमुना होतं. नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाल्या. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं, आणि डॉक्टर व्हायचं ठरलं ते त्या दुःखातून. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांना दवाखाना चालवायला मिळाला नाही.

त्या पदवीदानाला समोर पंडिता रमाबाई बसलेल्या होत्या. त्यांचंही विवर शुक्रावर आहे. पण ‘रमाबाई’ किंवा ‘पंडिता’ शोधाल तर सापडणार नाही, ते ‘मेधावी’ या नावाने आहे. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी बंगाली वकील होते. लग्नानंतर दोनच वर्षांत ते वारले. महाराष्ट्रात रमाबाईंना या आडनावाने कुणीच ओळखत नाही, मलाही कळायला वेळ लागला. तिसरं विवर ‘झिराड’, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर जेरुशा झिराड यांचं. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातलं. ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला या समाजाचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे, शाअर हाशामायिम. त्या हिब्रू नावाचा अर्थ आकाशाचं दार.

गच्चीवरच्या मुलाला मी मॅगेलनच्या रडारचित्रांबद्दल सांगितलं, तर त्याने विचारलं, आपलं यान तिथे जाणार का. जाणार आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये इस्रोच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली, खर्च १,२३६ कोटी रुपये, उड्डाण मार्च २०२८मध्ये ठरलंय. त्यावर रडार असेल. त्याने लगेच वहीत जोशी विवराची जागा लिहून घेतली: विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेपाच अंश, पूर्व रेखांश २८८.८. शेजारी नाव लिहिलं, आधी ‘आय’ने, मग खोडून दोन ‘ई’ने.